अपग्रेड मागू नका, फरक विचारा

"काही अपग्रेड वगैरे मिळेल का?" असं कुणी विचारलं की काउंटरमागे आमच्या तोंडून एकच वाक्य आपोआप निघायचं, "सॉरी सर, आज हाउसफुल आहे." कित्येकदा हाउसफुल नसायचं. पण फुकट मागणाऱ्याला नाही म्हणायला डोकं लागत नाही, आणि दुपारी दोनला समोर बॅगांचा ढीग, दोन रडकी मुलं आणि एक रुसलेलं कार्ड मशीन असताना डोकं चालवायला सवडही नसते. त्याच रांगेतला दुसरा कुणी म्हणायचा, "माझं साधं डिलक्स आहे. वरच्या कॅटेगरीत आज काही रिकामं असेल तर रात्रीला किती फरक घ्याल?" लगेच आमचा हात कीबोर्डवर. पहिल्याला काय द्यायचं हा प्रश्न होता. दुसरा गिऱ्हाईक होता.

लग्नाआधी पणजीत आणि नंतर पुण्यात नगर रस्त्यावर, अशी काही वर्षं मी हॉटेलांच्या फ्रंट ऑफिसला काढली. आता सांगलीत नवऱ्याच्या ऑफिसात बसते; तो कर सल्लागार आहे. वर्षभर लोकांचे पैसे वाचवणारा हा माणूस, पण हॉटेलच्या काउंटरवर मी तोंड उघडलं की लॉबीतल्या माशांच्या टाकीपाशी जाऊन उभा राहतो. त्याला वाटतं मी घासाघीस करतेय. आपल्याकडे बऱ्याच जणांना तसं वाटतं. मंडईत मेथीच्या जुडीवर पाच रुपयांसाठी हुज्जत घालणारी माणसं छताला झुंबर दिसलं की सांगितलेला भाव निमूट देतात.

न विकलेली खोली म्हणजे सुटलेल्या एसटीतलं रिकामं सीट. मध्यरात्रीनंतर कधीतरी रात्रपाळीचा माणूस नाइट ऑडिट करतो, म्हणजे दिवसाचा हिशेब बंद करून कॉम्प्युटरवरची तारीख पुढे ढकलतो. त्यानंतर त्या रात्रीच्या रिकाम्या खोलीचा एक रुपया येत नाही. पगार, कर्जाचे हप्ते, लिफ्टची देखभाल मात्र चालूच. आता तुम्ही लहान खोलीतून मोठ्या खोलीत गेलात तर हॉटेलचा खर्च वाढतो कितीसा? थोडी वीज, दोन टॉवेल आणि हाउसकीपिंगवाल्यांची दहा-पंधरा मिनिटं. म्हणून साइटवर तीन हजारांचा दिसणारा फरक काउंटरवर हजार-बाराशेत मिटू शकतो. शिवाय मूळ बुकिंग मेकमायट्रिप किंवा बुकिंग डॉट कॉमसारख्या साइटवरून असेल तर त्यातून साइटचं कमिशन जातं. 15-20 टक्के, कधी त्याहून जास्तही. काउंटरवर घेतलेला फरक सगळाच्या सगळा हॉटेलच्या गल्ल्यात.

समोरच्या मुलाचाही त्यात थोडा वाटा असतो. काउंटरवर वरची खोली विकण्याला आम्ही अपसेल म्हणायचो. महिनाअखेरीला स्टाफरूममध्ये अपसेलचा तक्ता लागायचा आणि ठरलेला हिस्सा पगाराबरोबर यायचा. बऱ्याच मोठ्या हॉटेलांत ही पद्धत आहे. तेव्हा तुम्ही भाव विचारता तेव्हा त्या पोराला अडचणीत टाकत नाही, त्याचं काम सोपं करता.

आमच्या ड्रॉवरमध्ये एक छापील कागद असायचा. कुठल्या कॅटेगरीतून कुठल्या कॅटेगरीत, किती रुपये. तो पहिला आकडा. त्याच्या खाली किती उतरायचं हे ड्यूटी मॅनेजरच्या हातात, काउंटरवरच्या पोराच्या नव्हे. म्हणून पहिला आकडा ऐकून "फार होतात हो" असं म्हणून काही होत नाही; तो फक्त हसेल. आपला आकडा सांगावा आणि म्हणावं, "मॅनेजरना एकदा विचारून बघता का? मी बसते तोवर." हे दुसरं वाक्य महत्त्वाचं आहे. मागची रांग पुढे सरकते, त्याला आत जाऊन बोलायला जागा मिळते आणि नाही म्हणायचं झालं तरी त्याला स्वतःला नाही म्हणावं लागत नाही. मी अशी बसले की निम्म्याहून जास्त वेळा मधला काहीतरी आकडा घेऊनच पोरगा परत येतो.

बाहेरच्यांना सहसा माहीत नसलेली एक गोष्ट. सगळ्यात स्वस्त कॅटेगरी हॉटेलं मुद्दाम जास्त विकतात. चाळीस साध्या खोल्या असतील तर पंचेचाळीस बुकिंग घेतात, कारण साइटवर लोक स्वस्त भाव बघूनच थांबतात आणि काही बुकिंग शेवटच्या दिवशी गळतातच. नाही गळली तर काही जणांना वर सरकवावं लागतं, फुकटात. त्यांची नावं सकाळीच ठरतात. आदल्या रात्री छापलेली येणाऱ्या पाहुण्यांची यादी घेऊन आमची सुपरवायझर पेन्सिलने खुणा करत बसायची. आधी सभासदत्वाच्या वरच्या पायरीवरचे, मग कंपनीच्या बुकिंगवाले नेहमीचे पाहुणे, मग थेट हॉटेलकडे बुकिंग केलेले, आणि त्यातही एका रात्रीसाठी येणारे. एका रात्रीचा पाहुणा वर टाकला की मोठी खोली दुसऱ्या दिवशी पुन्हा विकायला मोकळी होते. चार रात्रींचा टाकला की चार रात्री अडकते. साइटवरून सगळ्यात स्वस्त भावात आलेला पाहुणा यादीच्या तळाशी. लिफ्टशेजारची, बर्फाच्या मशीनसमोरची, जोडदरवाजातून शेजाऱ्यांची भांडणं ऐकू येणारी खोली त्याची.

सभासदत्वाबद्दल एवढंच की नाव नोंदवायला पैसे पडत नाहीत, तेव्हा नोंदवावं, पण त्यावर उड्या मारू नयेत. मॅरियट हॉटेलांच्या बॉनव्हॉय या सभासद योजनेत प्लॅटिनम ही वरची पायरी गाठायला वर्षाला 50 रात्री लागतात. आपण कुटुंबाबरोबर वर्षातून दोनदा बाहेर पडणारी माणसं. आपल्याला तो रस्ता नाही. ज्यांची कंपनी त्यांना आठवड्याला बंगळुरूला पाठवते त्यांचा तो खेळ आहे.

आपला खेळ वारांचा. कुठल्या गावात कुठली रात्र ओस पडते हे कळलं की अर्धं काम झालं. पुण्यात हिंजवडी, खराडी, विमाननगरची हॉटेलं सोमवार ते गुरुवार कंपन्यांच्या लोकांनी भरलेली असतात आणि शुक्रवारी दुपारनंतर रिकामी होतात. शनिवारी तिथे लग्न नसेल तर क्लब रूमसुद्धा, म्हणजे वेगळ्या लाउंजची सोय असलेली वरची खोली, मिळेल. मुंबईत बीकेसीचं, म्हणजे वांद्रे-कुर्ला संकुलाचं, तसंच. महाबळेश्वर, लोणावळा, अलिबागचं बरोबर उलटं. शनिवारी विचारायचं धाडसही करू नये आणि रविवारी संध्याकाळी, मुंबई-पुण्याच्या गाड्या खाली उतरल्या की राजासारखं विचारावं. शिर्डीत बुधवार-गुरुवारच्या रात्री सोडाव्यात, गुरुवार बाबांचा वार. ताडोब्याचं गाभाक्षेत्र मंगळवारी बंद असतं, त्यामुळे सोमवारची संध्याकाळची सफारी करून लोक नागपूरची वाट धरतात आणि मोहर्लीच्या बाजूच्या रिसॉर्टमध्ये सोमवारची रात्र शांत जाते. ज्याला बुधवारपर्यंत थांबायला जमतं त्याने ती रात्र पकडावी. सलग सुट्ट्या, दिवाळीचा आठवडा आणि 24 डिसेंबर ते 1 जानेवारी या दिवसांत खोली मिळाली हेच अपग्रेड.

गोव्याचं थोडं वेगळं आहे. पावसाळ्यात खोल्या रिकाम्या असतात म्हणून काहीही मिळेल असं लोकांना वाटतं. पण मोठी हॉटेलं जून ते सप्टेंबर एखादी विंग किंवा मजला बंद ठेवतात. एसी, कॉरिडॉरचे दिवे, माणसं, सगळं वाचतं, आणि रंगकामही तेव्हाच उरकतं. त्या विंगेत समुद्राकडच्या खोल्या असल्या तर तुम्ही कितीही द्या, एका पाहुण्यासाठी कुलूप निघत नाही. पावसाळ्यात जायचं तर आदल्या दिवशी फोन करून विचारावं की समुद्राकडची बाजू चालू आहे ना. रिसेप्शनला, बुकिंगच्या टोल फ्री नंबरवर नाही. तिथल्या माणसाला विंग म्हणजे काय तेही माहीत नसतं.

वेळेबद्दल दोन तट आहेत. काही म्हणतात, जितकं उशिरा जाल तितकं चांगलं, कारण रात्री आठला चित्र स्पष्ट असतं. ते खरं आहे, पण तोपर्यंत चांगल्या खोल्या गेलेल्याही असतात. मला स्वतःला दुपारी एक-दीडची वेळ आवडते, चेक-इनच्या थोडं आधीची. तेव्हा साध्या खोल्या अजून झाडून-पुसून झालेल्या नसतात. कालच्या पाहुण्यांनी बारापर्यंत लोळून त्या सोडलेल्या असतात. वरच्या खोल्या मात्र काल रात्री कुणी नव्हतंच म्हणून तयार पडलेल्या असतात. "तयार असलेली वरची खोली किती फरकाने लगेच देता?" या प्रश्नात हॉटेलचीही सोय होते, कारण लॉबीत तासभर तुमचे चेहरे बघत बसणं कुणालाच नको असतं.

आता काय मिळतंय ते. डिलक्स, सुपीरियर, प्रीमियम, एक्झिक्युटिव्ह ही नावं ज्याची त्याने ठेवलेली असतात. पर्यटन मंत्रालय हॉटेलला तारे देतं, खोल्यांच्या नावांना कुणी विचारत नाही. एका हॉटेलचं डिलक्स म्हणजे सगळ्यात खालची पायरी, दुसऱ्याचं म्हणजे वरून दुसरी. म्हणून मी नाव ऐकतच नाही. किती स्क्वेअर फूट, कुठला मजला, खिडकीतून काय दिसतं, नाश्ता धरून की सोडून, एवढं विचारते. "पार्शियल सी-व्ह्यू" नावाचा एक प्रकार असतो. त्यात बाल्कनीच्या कोपऱ्यात उभं राहून मान वळवली की दोन माडांच्या मध्ये समुद्र दिसतो. त्यासाठी पाचशे रुपयेही जास्त.

जुलैत सासूबाईंना घेऊन महाबळेश्वरला गेलो होतो. काउंटरवर साताऱ्याकडचा पोरगा, बोलायला गोड. "मॅडम, फक्त बाराशेत व्हॅली व्ह्यू करून देतो."

"दादा, जुलैत कुठली व्हॅली?"

तो हसायलाच लागला. बाहेर दहा पावलांवरची आमची गाडी धुक्यात दिसत नव्हती. मग म्हटलं, "दरीचं राहू द्या. यांचे गुडघे दुखतात. तळमजल्यावर, बाथरूमला पायरी नसलेली आणि हीटर चालणारी खोली आहे का? ती कुठल्याही कॅटेगरीची असू दे." निघाली एक, कॉटेज म्हणून विकत होते, साइटवर खूपच महाग. चारशे रुपये रात्रीला वाढवून मिळाली. पावसात लोक कॉटेज घेत नाहीत, रेस्टॉरंटपर्यंत छत्री घेऊन जावं लागतं म्हणून. आम्हाला जेवण खोलीत आलं. सासूबाई अजून त्या हीटरचं कौतुक सांगतात.

म्हणजे अपग्रेड हे दर वेळी वरच्या पायरीचंच असायला पाहिजे असं नाही. दोन मुलं असतील तर आधी एक्स्ट्रा बेडचा भाव विचारा. दीड-दोन हजारांचा एक्स्ट्रा बेड म्हणजे चाकांवरची गादी असते, तीही बाथरूमच्या वाटेत टाकलेली. त्याच पैशांत किंवा थोड्या जास्तीत फॅमिली रूम किंवा आत सोफा-कम-बेड असलेला सुइट मिळतो का ते बघावं. "एक्स्ट्रा बेडऐवजी" हे सांगून विचारलं की मॅनेजरला हिशेब पटकन कळतो.

क्लब रूमच्या फरकात संध्याकाळचा चहा-नाश्ता आणि पेयं येत असतील तर चार माणसांचं बाहेरचं खाणं त्यातून वजा करून बघावं. पण लाउंजमध्ये बारा वर्षांखालच्या मुलांना संध्याकाळी सोडतात का तेही विचारून घ्यावं. काही ठिकाणी नाही सोडत.

आणि जीएसटी. हे नवऱ्याचं खातं, आणि इथे मात्र तो माशांची टाकी सोडून येतो. 22 सप्टेंबर 2025 पासून दिवसाला ₹7,500 पर्यंतच्या खोलीवर 5 टक्के कर आहे, आधी 12 होता. ₹7,500 च्या वर गेलात की 18 टक्के, आणि तो वरच्या रकमेवर नव्हे, सगळ्या भाड्यावर. समजा तुमची खोली ₹6,800 ची. कर ₹340, एकूण ₹7,140. काउंटरवरचा पोरगा म्हणाला, फक्त हजार रुपये जास्त. भाडं झालं ₹7,800, कर ₹1,404, एकूण ₹9,204. म्हणजे हजाराचं अपग्रेड तुम्हाला ₹2,064 ला पडलं. तेच सातशे रुपयांत ठरवलंत तर भाडं बरोबर ₹7,500, कर ₹375, एकूण ₹7,875. फरक ₹735. पोरग्याने सांगितलेल्या आकड्यात तीनशे रुपये कमी करून तेराशेच्या वर वाचतात, आणि हॉटेलला फक्त तीनशेच सोडावे लागतात. हे असंच्या असं काउंटरवर मांडलं की मॅनेजर बहुतेक मान डोलावतो, कारण त्यालाही हे रोज दिसत असतं. मूळ खोलीच ₹7,500 च्या वरची असेल तर ही भानगड नाही, सांगितलेल्या आकड्यात 18 टक्के मिळवायचे. काही झालं तरी "टॅक्स धरून किती?" हे विचारल्याशिवाय हो म्हणायचं नाही.

जायच्या दोन-तीन दिवस आधी हल्ली वरच्या खोलीसाठी हॉटेलची मेल येते, "आपली बोली लावा." एक पट्टी असते, ती सरकवली की "शक्यता कमी", "शक्यता चांगली" असं दाखवते. हॉटेलांसाठी अपग्रेड विकायचं सॉफ्टवेअर बनवणारी नॉर1 ही कंपनी 2020 मध्ये ओरॅकलने घेतली. जिच्या ऑपेरा नावाच्या प्रणालीवर जगभरच्या हॉटेलांचे काउंटर चालतात तीच ओरॅकल. माझं मत विचाराल तर पट्टी अगदी डावीकडे, सगळ्यात कमी आकड्यावर ठेवून पाठवून द्यावं आणि विसरून जावं. लागली तर लागली. पट्टी उजवीकडे ओढणाऱ्याने काउंटरवर विचारायची संधी आधीच महागात विकलेली असते. बोलीला हॉटेलने हो म्हटलं की कार्डावरून पैसे जातात, मागाहून खिडकीतून जनरेटर दिसला तरी काही करता येत नाही. काउंटरवर निदान "आधी खोली बघू का?" म्हणता येतं. आणि बघावीच. कुणी नाही म्हणत नाही.

लास वेगासमध्ये पासपोर्ट आणि कार्डाच्या मध्ये वीस डॉलरची नोट घडी करून सरकवायची पद्धत प्रसिद्ध आहे. अमेरिकेतून आलेल्या एका भावजींनी ती गोव्यात करून बघितली, पाचशेच्या नोटेने. काउंटरवर वर कॅमेरा, शेजारी मॅनेजर; पोरीने नोट दोन बोटांनी परत सरकवली आणि "सर, तुमचे पैसे राहिले" म्हणाली. बरोबर केलं तिने. आमच्याकडे असं काही घेताना सापडलं असतं तर त्याच दिवशी घरी. टिप द्यायची असेल तर जाताना द्या, सगळ्यांसमोर. त्याहून चांगलं म्हणजे फीडबॅकच्या कागदावर त्या मुलाचं नाव लिहा. त्याचा त्याला पगारवाढीत उपयोग होतो.

खोटा हनिमून सांगू नये. लग्नाला वीस वर्षं झालेली जोडपी हनिमून म्हणून येताना मी पाहिली आहेत, आधार कार्डावर जन्मसाल आणि मागे दहावीतला मुलगा. वाढदिवस किंवा लग्नाचा वाढदिवस खरोखर असेल तर बुकिंग करतानाच लिहा. त्याने केक येतो, कधी पलंगावर टॉवेलचे हंस. खोली क्वचित.

एकदा भाव ठरला की तो रजिस्ट्रेशन कार्डवर लिहून घ्यायचा. सही करायच्या आधी, खोलीची कॅटेगरी, रात्रीचा फरक आणि टॅक्स धरून एकूण. चेक-आउटला ड्यूटी बदललेली असते आणि संध्याकाळच्या मुलाने काय कबूल केलं ते सकाळच्या मुलीला ठाऊक नसतं. मी त्या कार्डाचा मोबाइलवर फोटो काढते आणि मगच किल्ली घेते.